शून्य ते पस्तीस

नव्या फोनच्या खोक्यातून हल्ली चार्जर गायब झाला, पण घडी घातलेला तो कागद अजून टिकून आहे. तो कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. बहुतेक बड्या कंपन्यांच्या त्या कागदात, भिंग धरलं तर, एक ओळ सापडते : हे उपकरण शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे. ही ओळ लिहिणारा गृहस्थ मे महिन्यात सोलापूर स्टेशनवर कधी उतरलेला नसणार. आमच्याकडे होळीच्या आगेमागे पारा पस्तिशी ओलांडतो, एप्रिल-मेमध्ये ४२-४३ वर बिऱ्हाड करतो आणि मृग बरसला तरच खाली येतो. म्हणजे सगळा उन्हाळा सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत जेवढे फोन खणखणतात, ते कंपनीच्या परवानगीविना खणखणतात. शून्याची सोय मात्र पक्की आहे. उद्या नवी पेठेत बर्फ पडला तर फोन अजिबात कुरकुर करणार नाही.

असा हा बेकायदा फोन एके सकाळी उठतच नाही. यात कुणाचं कारस्थान शोधू नये. लिथियमची बॅटरी उष्णतेनं झिजते, एवढंच. पहिला उन्हाळा ती वॉरंटीत काढते, दुसरा मालकाच्या जिवावर.

मग घरातले वैद्य जमतात. खरा उपाय फारच साधा, म्हणून तो कोणी करत नाही : चांगल्या चार्जरला अर्धा तास लावावा, पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण पंधरा-वीस सेकंद एकत्र दाबून धरावं. त्याऐवजी ‘तांदळात ठेवा’ असा सल्ला येतो. फोन भिजलेलाच नाही, हे सांगून उपयोग नसतो. त्यातून हे ज्वारीचं गाव. घरात तांदूळ किलोभर आणि ज्वारी पोत्यानं, तेव्हा फोन मालदांडीत पुरला जातो. दोन दिवसांनी उकरला की तो तसाच्या तसा निघतो, फक्त चार्जिंगच्या भोकात कोंडा वाढलेला असतो.

पुढचा मुक्काम कंपनीचं अधिकृत सेवा केंद्र. आत गारेगार. तिथलं तापमान शून्य ते पस्तीसमध्ये चोख बसतं, त्यामुळे फोन बंद का पडतात हे काउंटरवरच्या पोराला खरोखरच समजत नाही. “सर, मोबाईल नंबर सांगा. ओटीपी येईल, तो सांगा.” ओटीपी जिथे यायचा, तो फोन त्याच्याच समोर पालथा पडलेला. “मग घरातल्या कुणाचा तरी द्या.” बायकोचा नंबर दिला जातो, आणि त्या कंपनीच्या दिवाळी-दसऱ्याच्या सवलती तिला जन्मभर येऊ लागतात.

फोन उघडल्यावर आतली ती चिमुकली पांढरी पट्टी लाल झालेली निघते. “लिक्विड डॅमेज आहे, सर.” ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्या गावात घागरीत न आलेलं पाणी फोनमध्ये बरं पोचलं! पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी या मार्गाचा अभ्यास करायला हरकत नाही. घामाची, दमट खिशाची ओलही त्या पट्टीला पुरते, पण पट्टीशी वाद कोण घालणार? वॉरंटी तर आधीच संपलेली. ती असती तरी मिळाली नसती, एवढं समाधान पदरात पडतं. बोर्ड बदलायचा खर्च नव्या फोनच्या किमतीला भाऊबंद म्हणून शोभेल एवढा.

आता म्हणाल, सरकार काय करतंय? भरपूर करतंय. दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये केंद्राने समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल उघडलं. दुरुस्तीला किती सोपा, यावर फोनला गुण देणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये दुसऱ्या समितीने दिला. तक्रारीसाठी ‘ई-जागृती’ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. शिवाय १९१५ ही हेल्पलाइन. नंबर लक्षात ठेवायला सोपा, फक्त लावायला फोन लागतो. पोर्टलवर नाव नोंदवायला काय लागतं ते सांगत नाही, ओळखा. १९३० साली ज्या गावाने इंग्रजांचा मार्शल लॉ अंगावर घेतला, त्या गावातला माणूस आज सहा आकड्यांपुढे हात टेकून बसतो.

उरतात नवी पेठेतली दुरुस्तीची दुकानं. इथे टोकन नाही, एसी नाही. पोरगा फोनच्या बोर्डाला दोन चिमटे लावतो, समोरच्या डब्यावरचा अँपिअरचा आकडा बघतो आणि मान हलवतो. “काका, डेड हाय. शॉर्टिंग हाय बघा, स्विच न दाबता करंट खातंय. पॉवर आयसीबी गेलाय.” एवढं रोगनिदान गारेगार काउंटरवर कुणी केलेलं नसतं. याच्याकडे ना कंपनीचा नकाशा, ना कंपनीचे सुटे भाग. आयसी तो दुसऱ्या मेलेल्या फोनमधून काढून बसवतो आणि त्याला ‘ओरिजिनल’ म्हणतो. मोबाईलच्या बाजारात हा शब्द बहुधा एवढ्या एकाच ठिकाणी खरा असतो. बॅटरीपर्यंत पोचायचं तर पाठ डिंकाने चिकटवलेली. ती सुटायला फोन ऐंशी अंशांच्या घरात तापवावा लागतो. पस्तिसाच्या वर वापरू नका, पण उघडायचा तर भाजा!

तिथून रिक्षाने थोडं पुढे गेलं की चादरीचे माग खडखडत असतात. सोलापुरी चादरीवरचं फूल जॅकार्डवर उमटतं : पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं, कुठलं सूत उचलायचं ते भोक ठरवतं. फ्रान्सच्या जॅकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास बसवली, बॅबेजने ती आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, आणि त्या वंशवेलीवर पुढे आपला फोन लटकला. घराण्याचा मूळ पुरुष असा आमच्या गल्लीत राबतोय. पट्टी फाटली तर कारागीर तेवढीच पट्टी बदलतो, दोऱ्याने ओवतो, माग सुरू. बिल कुठंय, खरेदीची तारीख काय, असं माग विचारत नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम केला की फोनची विक्री थांबल्यावरही त्याचे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. एवढं कळायला त्यांना इतका कायदा करावा लागला. आमच्या मागवाल्याला विचारलं असतं तर चहावर सांगितलं असतं.

नवी पेठेतही जमलं नाही, तर फोन कपाटात जातो. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार त्याने नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जावं. प्रत्यक्षात दुपारी गल्लीत भोंगा येतो : जुने मोबाईल, बंद मोबाईल, फुटके मोबाईल द्या, टब-बादल्या घ्या. नंबर नको, ओटीपी नको, लाल पट्टी बघणं नाही. फोटो, पासबुक, आधार पोटात घेऊन गप्प पडलेला फोन भोंगेवाला तळहातावर तोलतो आणि एक निळा टब पुढे करतो. बायको म्हणते, लहान आहे, मोठा द्या. तो म्हणतो, चार्जरबी द्या, मोठा देतो. चार्जर कसा देणार? तो चालू आहे.