ट्रम्पेटवाल्याचा फोटो आणि आप्पांचे आक्षेप

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आप्पा व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी बालकांचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात, मुख्यतः न्यू ऑर्लीन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेली संगीतपद्धती असून, तीत एखाद्या गाण्याची चाल आणि तिच्याखालील स्वरसंगतीचा क्रम एवढेच बहुधा ठरलेले असते व त्या चौकटीत वादक ऐन वेळी सुचेल ते वाजवतो. त्यामुळे पुढच्या क्षणी काय होणार हे ज्याला स्वतःलाच पुरते ठाऊक नाही, अशा माणसाचे छायाचित्र घेणे हा मुळातच अवघड उद्योग ठरतो. हा खुलासा प्रारंभीच करण्याचे कारण असे की, दिवाळीची भेट म्हणून येथून सांगलीस धाडलेल्या, ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या छायाचित्रावर ती. आप्पांनी चार पानी आक्षेप कळवले असून, उत्तर मुद्देसूद, पुराव्यानिशी आणि ‘मी-मी न करता’ लिहावे अशी अट घातली आहे. चाळीस वर्षे स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवलेल्या गृहस्थाचे आक्षेप हसण्यावारी नेण्याची या घरात कोणाची प्राज्ञा नाही.

पहिल्या आक्षेपाचा आशय असा की, छायाचित्रातील माणूस कॅमेऱ्याकडे पाहत नाही, त्याचे निम्मे तोंड पितळी वाद्याने झाकलेले आहे, आणि पाठीमागे ‘अक्वेरियम, १९४६’ असे लिहिलेले असूनही चित्रात एकही मासा नाही. पैकी माशांविषयी एवढेच निवेदन आहे की अक्वेरियम हे त्या काळी न्यूयॉर्कमध्ये वादनाचे कार्यक्रम होत अशा एका ठिकाणाचे नाव होते. उरलेल्या आक्षेपाचे उत्तर मात्र छायाचित्रकार विल्यम गॉटलिब यांच्या चरित्रात सापडते. गॉटलिब वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकात जॅझवर सदर लिहीत; सदरासोबत छायाचित्रे हवीत, पण त्यांचा खर्च सोसायला दैनिक तयार नाही, अशा पेचात त्यांनी आपला ध्वनिमुद्रिकांचा संग्रह देऊन त्या बदल्यात स्पीड ग्राफिक कॅमेरा मिळवला. हा वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा जाडजूड कॅमेरा असून त्यात रिळाऐवजी फिल्मचे सुटे पत्रे घालावे लागत, आणि प्रत्येक चित्रागणिक फ्लॅशचा एक नवा बल्ब जळून जाई. पत्रे आणि बल्ब पदरमोड करून आणलेले असल्यामुळे रात्रभरात मोजकीच चित्रे घेता येत, म्हणजे वादकाची तान कोठे चढेल, कोठे तुटेल आणि रुमाल कपाळाकडे केव्हा जाईल, हे अगोदर ओळखावे लागे. अंतरपाट एकदाच दूर होतो, हे ती. आप्पांचे वचन सर्वश्रुत आहे. शेवटच्या मंगलाष्टकातील शेवटचे ‘सावधान’ ऐकू येताच त्यांचे बोट बटणावर जाई, कारण मंगलाष्टके त्यांना भटजींइतकीच पाठ होती. गॉटलिब यांना जॅझ तसे पाठ होते, आणि जॅझची संहिता रोज बदलते हे लक्षात घेता त्यांचे काम काकणभर अधिक कठीण मानावे लागेल. (हे विधान ती. आप्पांना मान्य होणार नाही, याची जाणीव आहे.)

भेट स्वस्तातली आहे, हा ती. सौ. आईंचा संशय साधार आहे. गॉटलिब यांची छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून, त्यांच्या इच्छेनुसार २०१० पासून ती कोणालाही विनामूल्य वापरता येतात. तेव्हा कुटुंबाचा खर्च छपाई, चौकट आणि टपाल यांपुरताच झाला, व तोही सूनबाईंनी वहीत मांडून ठेवला आहे.

चि. नातवाने व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या हर्मन लेनर्ड यांनी घेतलेल्या छायाचित्राविषयी ‘बल्ब गेला होता काय?’ अशी पृच्छा आली आहे. न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये १९४८ साली घेतलेल्या या चित्रात सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन वाद्य मांडीवर टेकवून सिगारेट ओढत बसलेले असून, धुराने अर्धी चौकट व्यापली आहे. लेनर्ड दिवे वादकाच्या पाठीमागून लावत, कारण धूर समोरच्या उजेडात विरून जातो आणि मागच्या उजेडात पेटून उठतो. वाड्याच्या माजघरात कौलाच्या काचेतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत धूळ जशी दिसते, तसाच हा प्रकार होय.

खरा मतभेद आहे तो रंगपटाविषयी. वादकाने रंगमंचावर हसावे आणि छायाचित्रकाराने ते हसू टिपून घरी जावे, पडद्यामागे डोकावू नये, असे ती. आप्पांचे मत दिसते. आर्मस्ट्राँग यांच्या बाबतीत हा नियम पाळला असता तर निम्मा माणूस हातचा गेला असता. त्यांचे रुंद हास्य जगभर गाजले आणि पुढच्या पिढीच्या काही वादकांनी त्याला गोऱ्या श्रोत्यांपुढची लाचारीही म्हटले. परंतु १९५७ साली लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यापासून अडवले गेले तेव्हा याच हसऱ्या माणसाने, नॉर्थ डकोटातील एका हॉटेलच्या खोलीत, एका तरुण वार्ताहरासमोर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे वाभाडे काढले आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत दौरा नाकारला. रंगपटातही तेच गांभीर्य दिसते. वर्षानुवर्षे मुखनळीच्या दाबाने ओठांवर वण पडलेले, त्यांना लावायचे जर्मनीहून मागवलेले मलम जवळ ठेवलेले, शेजारी पांढऱ्या हातरुमालांची चळत, असा तो संसार असे. केप कॉडचे छायाचित्रकार जॅक ब्रॅडली यांनी १९५९ पासून पुढे हा संसार मित्राच्या अधिकाराने टिपला. खुद्द आर्मस्ट्राँगही मागे नव्हते. दौऱ्यावर ते टेपरेकॉर्डर घेऊन फिरत, पडद्यामागच्या गप्पा ध्वनिमुद्रित करीत आणि टेपच्या खोक्यांवर छायाचित्रांची कात्रणे चिकटवीत. क्वीन्सच्या कोरोना भागातील त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले असून या कुटुंबाने ते डबा बांधून नेऊन पाहिले.

तथापि पडद्यामागचे सर्वांत धाडसी छायाचित्र निराळेच आहे. आर्मस्ट्राँग यांचा स्विस क्रिस या वनौषधी रेचकावर अढळ विश्वास होता, भेटेल त्याला ते त्याच्या पुड्या देत, आणि त्याच्या प्रचारार्थ त्यांनी शौचकूपात बसलेल्या स्वतःचे, किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे, छायाचित्र कार्डावर छापून स्नेह्यांना वाटले होते. त्रिफळा चूर्णाविषयी ती. आप्पांची निष्ठा पाहता, दोघांची गाठ पडती तर संगीताचा विषय निघालाच नसता, असे सूनबाईंचे अनुमान आहे.

‘हे असले संगीत आपल्याकडे कोण ऐकतो?’ या शेवटच्या प्रश्नास ‘अलबेला’ हे एका शब्दाचे उत्तर पुरेसे आहे. १९५१ च्या त्या चित्रपटातील ज्या चितळकरांच्या गाण्यांवर ती. आप्पा आजही मान डोलावतात, त्या चितळकरांचे, म्हणजेच सी. रामचंद्रांचे, साहाय्यक म्हणून काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे गोव्यातील आल्दोन्याचे असून मुंबईत त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

ता. क. : ती. सौ. आईंनी मेतकुटाच्या पुडीखाली घालून पाठवलेले जुने छायाचित्र सुखरूप पोचले. त्यात एक वयस्कर गवई रंगपटात तंबोरा जुळवत बसले आहेत, चेहऱ्याचा डावा भाग अंधारात आहे, कॅमेऱ्याकडे त्यांचे मुळीच लक्ष नाही, आणि मागे ती. आप्पांच्या हस्ताक्षरात ‘बिघडलेला, गिऱ्हाइकास देऊ नये’ असा शेरा आहे. सूनबाईंनी ते दिवाणखान्यात लावले असून चौकटीचा खर्च वहीत मांडला आहे. त्रिफळा मात्र पुन्हा पाठवू नये. मागचा डबा अजून अर्धा आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.