शनिवार-रविवारात लडाख उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

शनिवारी पहाटे निघायचे, सोमवारी कचेरीत हजर व्हायचे आणि मधल्या वेळात लडाख पाहून घ्यायचे, असा संकल्प सोडणाऱ्या पर्यटकाने पुढील क्रम पाळावा.

तयारी : छत्री घेऊ नये. मोसमी ढगांना हिमालय अलीकडेच अडवतो, त्यामुळे लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत एखाद्या दिवशीच तेवढा होतो. चिवड्याची पाकिटे मात्र जरूर घ्यावीत. हवेचा दाब कमी झाला की ती टम्म फुगतात, तेवढीच करमणूक. सिम प्रीपेड असल्यास उत्तम! बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणजे साहेबांच्या फोनचा प्रश्न मिटला.

शनिवार सकाळ : दुपारी दरीत वारे उठतात म्हणून लेहची विमाने बहुतेक सकाळीच उतरतात. दिल्लीहून सव्वा-दीड तासात पर्यटक सुमारे ३,५०० मीटरवर पोहोचतो. १,६४६ मीटरचे कळसूबाई एकावर एक असे दोनदा रचले, तरी लेह वरच उरते. हवेतला ऑक्सिजन मुंबईइतकाच, २१ टक्के; पण दाब दोन-तृतीयांशच असल्याने प्रत्येक श्वासाला तो कमी मिळतो.

इथे डॉक्टर मंडळी एक किरकोळ अडचण उभी करतात. विमानाने आलेल्याने पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. श्वासाचा वेग वाढवून आणि मूत्रपिंडांना कामाला लावून शरीर विरळ हवेशी जुळवून घेते, त्याला तेवढा वेळ लागतो. गणितात बऱ्या असलेल्या पर्यटकाच्या ध्यानात येईल, की ४८ तास म्हणजे अख्खा शनिवार-रविवार.

गणितात कच्च्या पर्यटकाने पुढे वाचावे.

शनिवार दुपार : लगेच गाडी करून ‘खारदुंग ला’ ही खिंड गाठावी. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट असा आकडा मिरवत होता. उपग्रहाच्या मोजणीत तो १७,५८२ च्या आसपास भरतो. वरचे आठशे फूट फोटोखालच्या मजकुरात आपापल्या जबाबदारीवर घालावेत. ‘जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता’ असे मात्र लिहू नये, कारण तो मान २०२१ मध्येच १९,०२४ फुटांवरच्या उमलिंग लाकडे गेला. पलीकडे नुब्रा खोऱ्यात हुंदरच्या वाळूत दोन मदारींचे उंट दिसतील. यारकंदच्या व्यापारी तांड्यांतल्या उंटांचे हे वंशज. त्या तांड्यांना लेहपर्यंत यायला कित्येक आठवडे लागत. बिचाऱ्यांना सोमवारी कचेरी नसे.

रविवार : चांग ला ओलांडून पँगाँग. जायला पाच तास, यायला पाच तास. सरोवर खारे, सुमारे १३४ किलोमीटर लांब, पण पर्यटकाने पाहायचे ते किनाऱ्यावरच्या पिवळ्या स्कूटरकडे. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मधल्या शेवटच्या प्रसंगानंतर तिथे तशा स्कूटर भाड्याने मिळतात. फोटो काढावा आणि परतीला लागावे.

वाटेत डोके दुखले, मळमळले, तर विरळ हवेने आपली दखल घेतली असे समजावे आणि आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल गेला किंवा बोलणे बरळल्यासारखे झाले, तर विनोद तिथेच संपतो. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती लक्षणे असतात. ताबडतोब खाली उतरणे, ऑक्सिजन आणि दवाखाना, हाच त्यावर उपाय. डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासून घेता येते, पण ती विश्रांतीची जागा घेत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे खरोखर दोनच दिवस आहेत, त्यांनी ते लेहमध्ये पलंगावर काढावेत, लोणी-मिठाचा गुरगुर चहा प्यावा, खिडकीतून ६,१५३ मीटरचे स्तोक कांगरी पाहावे आणि परत यावे. बाकीच्यांनी साहेबांकडे निदान आठ दिवसांची रजा मागावी.