फक्त दोन मिनिटांसाठी

इंग्लंडात दिव्यांगांच्या राखीव जागेत बॅज नसताना गाडी लावणारे सगळेच लोक तिथे फक्त दोन मिनिटे थांबलेले असतात. तीन मिनिटे थांबलेला माणूस आजवर एकाही कौन्सिलच्या पत्रव्यवहारात आढळलेला नाही. अशा दोन मिनिटवाल्यांना दंडाविरुद्ध रीतसर, शास्त्रोक्त आणि मराठी बाण्याला शोभेल अशी दाद मागता यावी, म्हणून हे मार्गदर्शन. लेस्टरपासून स्लाउपर्यंतच्या मराठी घरांत फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवण्याजोगे आहे.

सर्वप्रथम कागद ओळखावा. गाडीकडे परत येताना पुढच्या काचेवर पाकीट दिसते. ते प्लॅस्टिकचे असते, कारण पाऊस पडणार हे कौन्सिलने गृहीत धरलेले असते. पाकीट तिथल्या तिथे, शिव्या देत, दातांनी फाडू नये. आतल्या कागदावरचा क्रमांक पुढे प्रत्येक पत्रावर लिहावा लागतो. क्रमांकाखाली गुन्ह्याचा संकेतांक असतो. रस्त्यावरच्या राखीव जागेसाठी ४०, कौन्सिलच्या वाहनतळातल्या जागेसाठी ८७. दंड वरच्या पट्टीतला, म्हणजे लंडनबाहेर साधारण ७० पौंड, आणि १४ दिवसांत भरला तर निम्मा. लंडनमध्ये आकडा १६० पौंडांपर्यंत चढतो.

कागदावर ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ लिहिले आहे की ‘पार्किंग चार्ज नोटीस’, हे चष्मा लावून पाहावे. दोघांचेही लघुरूप पीसीएन, दोघांचाही चेहरामोहरा सारखा. पहिली कौन्सिलची, कायद्याने आलेली. दुसरी सुपरमार्केटच्या आवारात खासगी कंपनीने लावलेली, करारभंगाच्या नावाखाली पैसे मागणारी. तिच्याविरुद्ध दाद मागण्याची वाट निराळी, दारे निराळी. कौन्सिलला उद्देशून चार पानी पत्र लिहून झाल्यावर ही नोटीस खासगी कंपनीची होती असे लक्षात येण्याचे प्रसंग सुशिक्षित घरांतही घडतात.

आता गणवेशातल्या माणसाविषयी. आपल्याकडे चौकातल्या हवालदाराला ‘साहेब’ म्हटले की संभाषणाला सुरुवात होते आणि संभाषणातून पुष्कळ काही निष्पन्न होते. इथल्या अधिकाऱ्याने नोटीस काचेला चिकटवली की ती मागे घेण्याचा अधिकार त्याच्या हातात उरत नाही. त्यामुळे त्याला ‘सर’ म्हणणे, मुलीच्या व्हायोलिनच्या क्लासची वेळ सांगणे, आपण करदाते आहोत याची आठवण देणे, हे सगळे मन मोकळे करण्याचे प्रकार म्हणून ठीक आहेत. तो शांतपणे ऐकतो आणि फोटो काढत राहतो. रिकामी काच, नंबरप्लेट, खांबावरचा फलक, रस्त्यावर पांढऱ्या रंगात रंगवलेला शब्द आणि त्यावर विसावलेले आपले चाक. प्रत्येक फोटोवर वेळ छापलेली असते. पहिल्या आणि शेवटच्या फोटोंमधले अंतर कधी कधी दोन मिनिटांहून बरेच जास्त भरते. ही बाब अर्जात स्वतःहून काढू नये.

चारही इंडिकेटर चालू होते, हा मुद्दा आपल्या लोकांना फार प्रिय. इंडिकेटर लुकलुकत असले की गाडी उभी असूनही उभी नाही, अशी एक अवस्था तयार होते, असा समज मुंबईहून सामानाबरोबर इथे आलेला आहे. दुर्दैवाने इथल्या ‘हायवे कोड’च्या ११६ व्या नियमात या दिव्यांचा उपयोग बेकायदा पार्किंगची सबब म्हणून करू नये, असे नाव घेतल्यासारखे लिहून ठेवले आहे. म्हणजे इंडिकेटर लावल्याचा पुरावा आपण जितका ठळक देऊ, तितके आपल्याला जागा चुकीची आहे हे माहीत होते, हे सिद्ध होत जाते. ‘मी गाडीतच बसलो होतो, इंजिन चालू होते’ या मुद्द्याचेही हेच. राखीव जागेला बॅज लागतो. चालू इंजिन हा बॅजचा पर्याय असल्याचे कुठल्याही नियमात नाही.

यानंतर अर्ज. पहिला अर्ज अनौपचारिक असतो आणि तो १४ दिवसांच्या आत पाठवावा, कारण तो फेटाळला गेला तरी बहुतेक कौन्सिल निम्म्या रकमेची सवलत पुन्हा देऊ करतात. भाषेबाबत सूचना: ‘सविनय सादर’ने सुरुवात करण्याची सवय असेल तर तिचे इंग्रजी करू नये. कुळकथा टाळावी. वडिलांनी एकोणचाळीस वर्षे सरकारी नोकरी कशी निष्कलंक केली, हे वाचणाऱ्या कारकुनाला आवडेल, पण त्याचा संकेतांक ४० शी संबंध लागत नाही. अर्जातले खरे हत्यार एकच, आणि त्याच्यावर थोडे थांबणे भाग आहे.

ते म्हणजे ‘जागा रिकामीच होती’.

या युक्तिवादाची मोहिनी विलक्षण आहे. हायस्ट्रीट शनिवारी दुपारी गच्च भरलेला, औषधाचे दुकान समोर, आणि मध्ये ही एकच लांबरुंद जागा, कुणाच्याही उपयोगाला न येता पडून राहिलेली. काटकसरीने वाढलेल्या माणसाला ते पाहवत नाही. म्हणून तो उदार मनाने ती वापरात आणतो. अर्जात हे असेच लिहावे, शब्द बदलू नयेत. कौन्सिलचे उत्तर ठरलेले असते: ती जागा रिकामी असणे हेच तिचे काम आहे. ती मोठी असते ती शोभेसाठी नव्हे. रस्त्याकडेची अशी जागा ६.६ मीटर लांब आखतात, म्हणजे मागचा दरवाजा उघडून, उतरती फळी टाकून चाकांची खुर्ची खाली घेता यावी. बाजूला जागा सोडतात ती दार पूर्ण उघडावे म्हणून. दार अर्धेच उघडले तर आपण पोट आत घेऊन बाहेर पडतो. खुर्चीला पोट आत घेता येत नाही.

आणि एक गोष्ट अधिकाऱ्याच्या फोटोंत कधीच येत नाही. त्या दोन मिनिटांत एखादी गाडी येते, मंदावते, आपली गाडी पाहते आणि निघून जाते. तिची वेळ कुठे नोंदलेली नसते, तिचा क्रमांक कुणी टिपलेला नसतो. त्यामुळे ‘कुणाचीही गैरसोय झाली नाही’ हे वाक्य अर्जात बिनधास्त लिहिता येते. खोडून काढायला कुणी येणार नाही.

घरात बॅजधारक वडीलधारे असतील तर मोह वेगळा. गाडी लावताना पुढचा संवाद हमखास होतो.

“अहो, आईंचा बॅज आहे ना कप्प्यात? तो लावा काचेला.”

“आई कुठायत?”

“घरी. मालिका बघतायत.”

इथे थांबावे. बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आईंना सोडायला किंवा घ्यायला आलो असू तर तो लावावा. आई मालिका बघत असताना तो लावणे हा पार्किंगचा मामला उरत नाही, तो फौजदारी गुन्हा होतो आणि १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ७० पौंडांविरुद्धच्या अर्जाला उत्साहाच्या भरात बॅजचा फोटो जोडणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. पुण्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या मामांचे ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्रही डॅशबोर्डवर ठेवून चालत नाही, त्यावर सिव्हिल सर्जनचा कितीही गोल शिक्का असो.

इतिहासाची जाण असलेल्या अर्जदाराला एक दाखला उपलब्ध आहे. १९६० च्या सप्टेंबरात लंडनच्या रस्त्यावर पहिल्यांदा ट्रॅफिक वॉर्डन उतरले, तेव्हा सुरुवातीचाच कागद डॉ. थॉमस क्रेटन यांच्या फोर्ड पॉप्युलर गाडीला लागला. डॉक्टर त्या वेळी हॉटेलात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला पाहत होते. लोकांनी ओरड केली, दंड माफ झाला. हा दाखला द्यायचा तर सोबत वैद्यकीय पदवी आणि रुग्ण, अशी दोन्ही सहपत्रे लागतात. पॅरासिटामॉल आणायला गेल्याने काम भागत नाही.

दुसरा इतिहास मात्र अर्जात चुकूनही घालू नये. राखीव जागांना ज्याच्यामुळे अर्थ आला, तो बॅज १९७० च्या कायद्यातून निघाला. अल्फ मॉरिस नावाच्या मजूर पक्षाच्या खासदाराने तो कायदा खासगी विधेयक म्हणून रेटून नेला. त्याचे वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेले. घरातल्या माणसाला दारापासून रस्त्यापर्यंत जायला किती कष्ट पडतात, हे त्याने लहानपणीच पाहिले होते. १९७१ पासून नारिंगी बॅज मिळू लागले, २००० मध्ये त्यांचा रंग निळा झाला आणि २०१९ पासून इंग्लंडात वरून न दिसणाऱ्या विकारांनाही ते मिळू लागले. ‘तो माणूस तर टुणटुणीत चालत होता’ हे शेजारच्या गाडीबद्दलचे निरीक्षण त्यामुळे अर्जातून वगळावे.

अनौपचारिक अर्ज फेटाळला गेला आणि पैसे भरले नाहीत, की गाडीच्या नोंदणीकृत मालकाला ‘नोटीस टू ओनर’ येते. तिला २८ दिवसांत रीतसर हरकत घेता येते. हरकतीची कारणे छापलेली असतात: गुन्हा घडलाच नाही, गाडी तेव्हा माझी नव्हती, चोरीला गेली होती, भाड्याने दिली होती, रक्कम जास्त लावली, कौन्सिलने प्रक्रिया पाळली नाही, वाहतुकीचा आदेशच अवैध आहे. यादीत ‘दोन मिनिटे’ नाही. छपाईची चूक समजून ती पेनने वाढवू नये.

शेवटच्या दोन कारणांनी मात्र मराठी माणसाच्या अंगात वीज संचारते. माहितीच्या अधिकारावर पोसलेला अभ्यासू अर्जदार लगेच वाहतूक आदेशाची प्रत मागवतो, नकाशा ताणून पाहतो आणि रात्री जेवण झाल्यावर मोजपट्टी घेऊन घटनास्थळी जातो. रेषा पुसट आहे का, फलक झाडाच्या फांदीमागे दडला आहे का, लांबी ६.५८ मीटर भरते का. पंचाईत अशी की मोजायला जागा मोकळी लागते, आणि तिथे तोवर दुसरा कुणीतरी चारही इंडिकेटर लावून दोन मिनिटांसाठी थांबलेला असतो.

हा शोध सर्वस्वी वाया जाईल असे नाही. काही राखीव जागा निव्वळ सौजन्याच्या असतात. कुणाच्या तरी घरासमोर कौन्सिलने विनंतीवरून रंगवलेल्या, मागे आदेश नसलेल्या. तिथे दंड लागू होत नाही. फलक नसेल, रंग पार उडाला असेल, तर तेही ऐकले जाते. पण एकूण चिन्हांवरून गाडी चालवणाऱ्याला जागा कसली ते कळत होते ना, एवढेच बहुधा पाहिले जाते. दोन सेंटिमीटरने कुणी तरत नाही. एक खरी फट कालमर्यादेची आहे. रीतसर हरकतीला कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर दिले नाही तर हरकत मान्य झाली असे धरून नोटीस रद्द करावी लागते. पंचावन्नाव्या दिवशी देवाजवळ दिवा लावण्यास हरकत नाही.

उत्तर नकाराचे आले तर पुढे लवाद. लंडनबाहेर ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्यूनल, लंडनमध्ये लंडन ट्रिब्यूनल्स. नकारापासून २८ दिवसांची मुदत, फी नाही, वकील नको, सुनावणी फोनवर किंवा पडद्यावरही होते. समोर कौन्सिलचा नोकर नसतो, स्वतंत्र कायदेतज्ज्ञ असतो, आणि तो खरोखर ऐकून घेतो. कचेरीत तिसऱ्या टेबलाकडून पाचव्या टेबलाकडे पाठवले जाण्याची सवय असलेल्या माणसाला एवढ्या सौजन्याने गुदमरायला होते. अर्जदार व्हायोलिनपासून सुरुवात करतो, हवामानाकडे वळतो, सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत पोहोचतो. तो थांबल्यावर लवाद विचारतो की बॅज काचेवर होता का. दया वाटली म्हणून दंड रद्द करण्याचा अधिकार लवादाला नाही. परिस्थिती खरोखरच बिकट असेल तर कौन्सिलने फेरविचार करावा, अशी शिफारस तेवढी तो करू शकतो. दरम्यान निम्म्या दराची मुदत कधीच उलटून गेलेली असते. ३५ पौंड वाचवण्यासाठी ७० भरण्याची ही पद्धत तत्त्वासाठी लढणाऱ्यांना सुचवावीशी वाटते.

पत्रे न उघडता टीव्हीमागे खोचून ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये. दंड दीडपट होतो, प्रकरण नॉर्थहॅम्प्टनच्या काउंटी कोर्टाच्या केंद्रात नोंदवले जाते, आणि मग वसुलीवाला दारात येतो. तेव्हा चहा देऊनही भागत नाही.

ज्यांच्याकडे बॅज आहे आणि जे स्वतः गाडीने आले होते, त्यांच्यासाठी वेगळे मार्गदर्शन आहे, ते आखूड आहे. दार लावताना झोत येऊन बॅज पायाशी पडला, किंवा थरथरत्या हाताने तो उलटा ठेवला गेला आणि चाकखुर्चीच्या चिन्हाऐवजी फोटोची बाजू वर आली, तरी कागद लागतो. अशांनी बॅजच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, काय झाले ते तीन ओळींत लिहावे आणि पाठवून द्यावे. पुष्कळ कौन्सिल पहिल्या खेपेला नोटीस मागे घेतात. या मंडळींची पत्रे तीन ओळींचीच असतात, असा कारकुनांचा अनुभव असणार. चार पाने लिहायला लागणारी फुरसत दोन मिनिटवाल्यांकडेच असते.

उरता उरला पैसे भरण्याचा मार्ग. कौन्सिलच्या संकेतस्थळावर जावे, नोटिशीचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक टाकावा, मग कार्डाचा. कारण लिहायला तिथे रकाना नाही. बऱ्याच अर्जदारांना हीच उणीव सर्वांत जास्त खटकते.