साडेअठरा किलो

वजन मी केलं नाही. शिवडी नाक्यावरच्या भंगारवाल्याने केलं. चार पिशव्या काट्यावर चढवल्या, आकडा बघितला आणि म्हणाला, "काका, साडेअठरा किलो. रद्दी असती तर चार पैसे सुटले असते." मग एका पिशवीत हात घालून लाल बुंदक्यांचा एक तुकडा वर काढला, उजेडात धरला, परत आत टाकला आणि चारही पिशव्या माझ्या पायांशी आणून ठेवल्या. डोक्यावर चढवायला मदतसुद्धा केली. भंगारवाल्याने परत पाठवलेला माणूस अशी माझी चाळीत जी ख्याती झाली, ती तेव्हापासूनची.

पिशव्यांत होत्या गोधडीच्या उरलेल्या चिंध्या. गोधडी एकच झाली, आणि तिलाही गोधडी म्हणायला मन मोठं लागतं.

आमची बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. माणसं खाली राहतात आणि मागच्या दोन पिढ्या माळ्यावर. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी माळा आवरायला काढला (सौभाग्यवतीच्या मते पसरायला काढला) आणि आईची पत्र्याची ट्रंक सापडली. आत फेंट. वडील शिवडीतल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. डाग पडलेले, वीण चुकलेले, ठाणातून उरलेले आखूड तुकडे म्हणजे फेंट. ते वडील घरी आणत, आई त्यांची झबली, परकर, पिशव्या शिवी आणि उरलेलं ट्रंकेत टाकी. सगळ्यात वरचा थर १९८१च्या दिवाळीचा असावा. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, आणि त्यानंतर आमच्या घरात फेंट आलं नाही.

"बोहारणीला देऊन टाका," सौभाग्यवती म्हणाली. "एखादं पातेलं तरी येईल."

"अगं, यात माझ्या वडिलांचा घाम आहे."

"मग आधी धुऊन घ्या."

मी जन्मभर कारकुनी केली. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची व्याख्या शोधतो. अबकारी खात्याच्या जुन्या कागदांत कापडाच्या तुकड्यांचे वर्ग आहेत, आणि त्यांतला सर्वांत खालचा वर्ग चिंधी. इंग्रजी मजकुरातही शब्द चिंधीच. २३ सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड, ती चिंधी. मला भरून आलं. आपल्या भाषेतला इतका फाटका शब्द सरकारदरबारी अखंड पोचलेला! हे मी जेवताना सांगितलं. "म्हणजे नऊ इंच," सौभाग्यवती म्हणाली आणि भाताचं भांडं पुढे सरकवलं.

एवढ्यावर थांबलो असतो. पण भाच्याने फोनवर फोटो दाखवले. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतावर वापरून विटलेल्या पँटींच्या, शर्टांच्या गोधड्या शिवत. २००२मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. मी ट्रंकेकडे बघितलं. नंतर आमच्या भिंतीकडे बघितलं. तिथे कॅलेंडर होतं. ते मी काढून ठेवलं.

आता हिशेब. गोधडी पाच फूट बाय सात फूट. चौकोन सहा इंचांचा. रुंदीत दहा, लांबीत चौदा, एकूण १४०. पुठ्ठ्याचा साचा कापला आणि मांडी घालून बसलो. ट्रंकेतले बरेचसे तुकडे नऊ-नऊ इंचांचे, म्हणजे सरकारमान्य चिंधी. नऊ बाय नऊ म्हणजे ८१ चौरस इंच. त्यातून सहाचा चौकोन काढला की ३६ कामी आले आणि ४५ जमिनीवर पडले. दर चौकोनामागे मी गोधडीपेक्षा चिंधीच जास्त तयार करत होतो, आणि कारकून असूनही ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती सत्त्याण्णवाव्या चौकोनाला.

शिवणीत कापड जातं हे तर शेवटचा चौकोन जोडल्यावर कळलं. दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच दुमडलं की सहाचे साडेपाच होतात. पाच बाय सात फुटांची गोधडी चार फूट सात इंच बाय सहा फूट पाच इंच निघाली. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. मला पाय पाहून अंथरूण शिवता आलं नाही. चौकोनांचे कोपरे जुळले असते तर निदान दिसायला बरं दिसलं असतं. आमच्या शिवडीपासून न्हावाशेव्यापर्यंत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जोडून झाला, जानेवारी २०२४मध्ये त्यावरून गाड्याही धावू लागल्या, आणि मला सहा इंचांवरचे दोन कोपरे समोरासमोर आणता येईनात.

खाली अस्तर हवं. तेवढं सलग कापड घरात नव्हतं, म्हणून हिंदमाताला जाऊन पाच मीटर लाल सुती कापड आणलं. चार मीटर लागलं, एक ट्रंकेत गेलं. चिंध्या संपवायला निघालेला माणूस बाजारातून चिंधी विकत आणतो, तो असा. मध्ये आईची दोन जुनी लुगडी घातली, दीड महिना धावदोरा घातला, बोटांची चाळण केली आणि मोठ्या थाटात गोधडी धुतली. लाल कापड कोरं होतं. ते आटलं, आणि आटताना रंगही सोडला. वरचे सुती चौकोन थोडे आकसले, टेरीकॉटचे तसूभरही हलले नाहीत. खिडकीबाहेरच्या काठीवर वाळत घातली तेव्हा तिला सह्याद्रीसारखे चढउतार आले होते. खाली उभ्या असलेल्या एका पोराने विचारलं, "काका, हे काय आहे?" लक्तरं वेशीवर टांगणं म्हणजे काय, ते मी त्याला प्रात्यक्षिकासह सांगू शकलो असतो.

आई चौकोन कापत नसे. पाटण तालुक्यातली ती; गोधडीला वाकळ म्हणायची. तुकडा जसा असेल तसा ठेवायची. खिशाचा तुकडा खिशासकट, काठाचा काठासकट. कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने आत आत शिवत जायची आणि शेवटच्या टाक्याआधी आत भाकरीचा बारीक तुकडा सरकवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीही अशाच बाहेरून आत शिवल्या जातात आणि चार कोपऱ्यांवर घडीची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. या पद्धतीत उरत काही नाही, कारण कापलेलंच काही नसतं. हे मला दीड महिना आधी आठवलं असतं तर! पण तेव्हा माझ्या हातात पुठ्ठ्याचा साचा होता.

ट्रंकेत माल सहा-सात किलोंचा. तुकड्यांपैकी गोधडीत गेला जेमतेम अर्धा किलो. मग साडेअठरा कुठून झाले? चाळीतून. "काका चिंध्या घेतात" ही बातमी एका दुपारी तीन मजले उतरली. ब्लाउज शिवणाऱ्या वहिनींनी कातरणाची गोणी दिली. कोणी पडदे दिले, कोणी गणपतीच्या मखराचं सॅटिन. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला एक चिंधी बांधली आणि त्याने वस्त्रं पुरवून फेड केली, असं लहानपणी ऐकलं होतं. माझ्या बाबतीत देव फारच उतावळा निघाला. मी कोणालाही चिंधी बांधायच्या आत फेड सुरू.

बोहारीण आली. तिने गाठोडं सोडलं, दोन बोटांनी एक पट्टी उचलली, माझ्याकडे बघितलं. "बाबा, ह्ये कपडं न्हाईत. कपड्यांचं मढं हाय." पातेलं सोडा, चहाची गाळणीही मिळेना. दारूखान्याकडच्या एका गॅरेजवाल्याला हात पुसायला चिंध्या लागतात असं कळलं. त्याने एक तुकडा तेलात बुडवला, तेल तुकड्यावरून ओघळून त्याच्या बुटावर पडलं. "सुती आणा. हे टेरीकॉट तेल पीत नाही, नुसतं फासतं." सुती आणि टेरीकॉट वेगळं करायला मी रविवारभर बसलो. एकेक दोरा काढून काडीने जाळायचा. राख झाली तर सुती, कडक मणी झाला तर दुसरं. तेराव्या दोऱ्याला सौभाग्यवतीने काडेपेटी काढून घेतली.

मग उशी. चिंध्या ठासून भरलेली उशी एवढी जड झाली की कूस बदलताना ती जागेवर राहायची आणि मान माझ्याबरोबर यायची. मग वेणी घालून, गोल शिवून पायपुसणी केली आणि मजल्यावरच्या प्रत्येक दाराशी एकेक ठेवलं. सॅटिनचं होतं ते घसरलं, त्यावरून समोरचे जोशी घसरले. जोशी हे खरं नाव नाही. खऱ्या नावाचे गृहस्थ अजून बोलत नाहीत.

शेवटी एका रात्री साडेअकराला दोन पिशव्या घेऊन कचराकुंडीपाशी गेलो. इकडे तिकडे बघून ठेवल्या आणि झपझप घरी आलो. सकाळी सहाला कडी वाजली. कचरागाडीवरचा मुलगा दारात. "काका, रात्री तुमच्या पिशव्या राहिल्या होत्या. शिवायचं सामान दिसतंय, म्हणून आणल्या." त्याला चहा पाजावा लागला.

फेब्रुवारीत मात्र नशीब उघडलं. गाडगेबाबांची जयंती २३ तारखेला. वरच्या मजल्यावरच्या चिमुरड्याला शाळेत गाडगेबाबा व्हायचं होतं. ज्या माणसाला गावोगाव गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, त्याचा झगा चाळीत दुसरीकडे कुठे मिळणार? त्याची आई विचारायला आली तेव्हा मी उभाच राहिलो. दोन रात्री जागून झगा शिवला. साचा नाही, माप नाही, तुकडा जसा होता तसा लावला. तीन किलो सहज गेले. हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर आणि अंगावर तीन किलो, असा तो मुलगा जिना उतरताना दर पायरीला थांबत होता. लोकांना तो अभिनय वाटला. दुसरा नंबर आला.

संध्याकाळी त्याची आई दारात. "काका, झगा धुऊन आणलाय. पुढच्या वर्षी कोणाला तरी होईल." हातात आणखी एक पिशवी होती. "आणि हे शाळेतल्या बाकीच्या आयांनी दिलंय. तुम्ही जमवता ना, मी सांगितलं त्यांना."

पिशवी पावणेपाच किलोंची असावी. हल्ली मला हातानेच कळतं.