लिपो सांभाळण्याच्या प्राथमिक सूचना
(हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा : पाचही तालुक्यांसाठी)

लग्नसराईच्या तोंडावर ड्रोन घेतलेल्या समस्त होतकरू पायलटांचे अभिनंदन. पाती मोडली तर नवी मिळतात. खरे मानपान त्या चपट्या लिथियम पॉलिमर बॅटरीचे, म्हणजे लिपोचे. तिला पत्र्याचे कवच नसते, नुसती पातळ पिशवी असते.

आधी घरचे संस्कार विसरा. आपल्याकडे लाईट आली की मोबाईल, टाकी, इन्व्हर्टर सगळे काठोकाठ भरायचे. रात्री थ्री फेज आला तर उठून मोटार चालू करायची. लिपोला ही दूरदृष्टी सोसत नाही. एका सेलचे पोट ४.२ व्होल्टला भरते, आणि ते फक्त उडवायच्या दिवशी भरावे. लग्न पुढे ढकलले तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवावा. त्यासाठी चांगल्या चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ नावाची सोय असते; ती वापरणारा माणूस जिल्ह्यात आढळल्यास शाल-श्रीफळ द्यावे. चार सेलची बॅटरी महिनाभर १६.८ व्होल्टवर कपाटात पडली, तर आतले रसायन विघटित होऊन गॅस धरू लागते. पिशवी टम्म.

(२०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिथियम-आयन बॅटरीसाठी तिघांना मिळाले. त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. आपली बॅटरी दोन हंगाम टिकली तरी पुष्कळ.)

रिकामी करतानाही हात राखून. ‘वरात आत्ता कुठे मारुतीपाशी आली, अजून एक राऊंड’ असे नवरदेवाचे मामा म्हणणारच. सेल ३.५ ला आला की उतरवा. तीनच्या खाली गेलेला सेल सहसा सावरत नाही, मामा सावरतात.

चार्ज करताना दीड हजार एमएएचच्या बॅटरीला दीड अँपिअर पुरे. बॅलन्सची छोटी पांढरी पिनही लावावी. चार्जिंग फरशीवर, कडब्यापासून लांब, आणि ते लावून पंगतीला बसू नये.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद गाडीत बॅटरी ठेवू नका. उन्हात वाळवायची ती वसमतची हळद.

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये, दाबून सपाटही करू नये. ‘गॅस काढून देतो’ म्हणत दाजी टाचणी मागतील. टोचले की आत शॉर्ट होऊन पेट घेते, म्हणून टाचणी देऊ नये; चहा द्यावा. तोवर बॅटरी वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवावी आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवावी. घंटागाडीत टाकू नये, दाजींनी कितीही सांगितले तरी.