हप्ते कोण भरणार?

रुग्णालय खासगी भांडवलातून बांधू म्हणजे तिजोरीवर बोजा नाही, असं सांगतात. मग कंपनी ओतलेला पैसा सोडून देते का?

व्याजासकट, नफ्यासकट वसूल करते. कुणाकडून? आपल्याकडून. खरं तर सरकारला कर्ज कंपनीपेक्षा स्वस्त मिळतं. तरी महागाचं घ्यायचं, कारण ते यंदाच्या अर्थसंकल्पात दिसत नाही.

ब्रिटनला ते २०१८ मध्ये दिसलं. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी शाळा, रुग्णालयं, रस्ते अशा सातशेहून अधिक प्रकल्पांचा हिशेब मांडला. भांडवली किंमत सुमारे ६० अब्ज पौंड. देखभालीसह पुढे द्यायचे १९९ अब्ज! त्याच वर्षी तिथे असे नवे करार बंद झाले.

आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगाने जिल्हा रुग्णालयं खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडायचा मसुदा काढला. मुदत ६० वर्षं. आज पहिलीत बसलेली मुलगी करार संपेल तेव्हा ६६ वर्षांची असेल.

त्यात काही खाटा नियंत्रित दराच्या, बाकीच्या बाजारभावाच्या. सुरगाण्याहून रात्री जीपमधून नाशिकच्या सिव्हिलला आणलेल्या अडलेल्या बाईला कोणती खाट मिळणार?

मुंबईत मरोळची जमीन महापालिकेची, त्यावर सेव्हन हिल्स रुग्णालय खासगी. पालिकेच्या रुग्णांना २० टक्के खाटा, असं ठरलं होतं. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०२० च्या कोविडमध्ये तिथे महापालिकेलाच उतरावं लागलं.

शाळांचंही पाहा. सप्टेंबर २०२३ ची राज्य सरकारची दत्तक शाळा योजना. ग्रामीण शाळेला ५० लाखांच्या वस्तू-सेवा द्या, ५ वर्षं शाळेच्या नावाला आपल्या पसंतीचं नाव जोडा. मास्तरांचा पगार मात्र सरकारनेच द्यायचा.

जोखीम कंपनी उचलते म्हणे.

२१ एप्रिल २०२१. नाशिकचं झाकीर हुसेन रुग्णालय महापालिकेचं, ऑक्सिजन टाकीची देखभाल कंत्राटदार कंपनीकडे. गळती झाली, त्या दिवशी २२ रुग्ण गेले. नातेवाइकांनी करारनामा वाचत बसायचं होतं का? त्यांनी महापालिकेला जाब विचारला, आणि तेच बरोबर होतं.

म्हणून नाशिकमध्ये असा कोणताही प्रस्ताव आला, तर सहीआधी तीन आकडे मराठीत जाहीर करा: पूर्ण मुदतीत एकूण किती देणार, दरवर्षी किती, आणि करार मोडला तर भरपाई किती. गोपनीयतेचं कारण आम्हाला सांगू नका. पैसे आमचे आहेत.