कोनची चढाई

कोन येथे कबड्डीच्या संघाची चढाई बसली की बोलणी सुरू होतात, आणि चढाई वरचेवर बसत असल्यामुळे बोलणी सहसा बंद होत नाहीत. संघ कुठला, याने फारसे बिघडत नाही. गावचा असो, रायगडचा असो, महाराष्ट्राचा असो की प्रो कबड्डीतला यू मुंबा. पराभव सगळ्यांचा एकच असतो, कारणे मात्र ज्याची त्याची असतात.

कोन हे पनवेल तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे गाव. पळस्पे फाटा सोडून पुण्याच्या दिशेने निघाले की लगेच लागते. तिथूनच एक रस्ता सावळ्यावरून रसायनीकडे जातो. गावाला नावाचा जाच आहे. कल्याणच्या खाडीपलीकडे, भिवंडी तालुक्यात, दुसरे कोन असल्यामुळे पार्सलवाल्यापासून सोयऱ्यांपर्यंत सगळ्यांना ‘पनवेलचे’ असे बजावून सांगावे लागते. दुसरा जाच बोलीचा. या पट्ट्यातल्या आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणजे ‘कोण’ हा प्रश्न आणि ‘कोन’ हे गाव यांचा उच्चार एकच. कोणी ‘कोन?’ म्हटले तर नाव सांगायचे की पत्ता, हे सुरावरून ओळखावे लागते. संघाच्या ओळखीवर भांडायला याहून सोयीचे गाव जिल्ह्यात नसावे.

भांडण कळायचे तर आधी चढाई कळली पाहिजे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, मधोमध मध्यरेषा. एक गडी ‘कबड्डी कबड्डी’ असा दम धरून समोरच्या सात जणांच्या अंगणात शिरतो, आणि ३० सेकंदांच्या आत कोणाला तरी शिवून त्याने परत यायचे असते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. कोणी हाती लागले नाही तरी चालेल, पण निदान ही तरी ओलांडलीच पाहिजे. नाही तर चढाई करणाराच बाद. तिच्यापुढे मीटरभर अंतरावर बोनस रेषा. समोर सहा किंवा अधिक गडी असतील, तर या रेषेपलीकडे एक पाय टेकून दुसरा अधांतरी ठेवणाऱ्याला एक गुण मिळतो. दोन चढाया लागोपाठ कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण आणायचा किंवा बाद होऊन बाहेर बसायचे. नियम एवढेच. कोनच्या चर्चेत निदान सगळेच करतात. रेषा कोणी ओलांडत नाही.

चर्चेला मैदान लागत नाही, चहाच्या टपरीवरचे बाकडे पुरते. ग्लासाच्या ओल्या बुडाने मध्यरेषा ओढली जाते, पलीकडे सात ग्लुकोज बिस्किटे बचावाला उभी राहतात आणि काडेपेटी चढाईला निघते. डाव्या कोपऱ्यातले बिस्किट पुढे आले असते तर साखळी कशी फुटली असती, हे दाखवता दाखवता दाखवणारा ते बिस्किट चहात बुडवून खाऊन टाकतो. समोर सहा उरतात. सहा असेपर्यंत बोनस चालू असतो, म्हणून विवेचनाला बाधा येत नाही. आणखी एक खाल्ले गेले की मात्र बोनस बंद झाल्याचे पलीकडून कोणीतरी ओरडून सांगतो, आणि तिथपासून मूळ सामना मागे पडून बिस्किटांचा सामना पुढे चालू राहतो. तीनच बिस्किटे उरली असता काडेपेटी पकडली गेली, तर ती ‘अव्वल पकड’ होऊन बचावाला दोन गुण मिळतात. हा नियम प्रत्येक जण दुसऱ्याला नव्याने समजावून सांगतो. वरिष्ठ पुरुषांच्या गटात खेळाडूच्या वजनाला ८५ किलोंची मर्यादा आहे. समीक्षकाच्या वजनाला नाही.

चढाई का बसते, याविषयी सर्वांत जुने मत दमवाल्यांचे. या पंथाचे लोक खेळाला अजून हुतुतू म्हणतात, आणि दम गेला तिथे खेळ गेला असे मानतात. पुरावा म्हणून ते इतिहास काढतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला या खेळाला नियमांत बसवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो जर्मनांना करून दाखवला. त्या पोरांचा दम किती लांबीचा होता, हे सांगताना सांगणाऱ्याचाच दम अनेकदा जातो. दुसरा पंथ मातीवाल्यांचा. त्यांच्या मते पाय मातीत घडतो आणि मॅटवर घसरतो. मॅट आली, बूट आले, तेव्हापासून आपल्या पोरांची चढाई परकी झाली. या तक्रारीत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. गावोगावच्या सराव-मैदानावर वर्षभर माती, आणि मोठ्या स्पर्धेला एकदम मॅट, अशी आजही कित्येक मंडळांची गत असते. मातीत पाय रोवून उसळी घेणाऱ्याला मॅटवरचा पदन्यास नव्याने शिकावा लागतो. तिसरा पंथ क्रिकेटला दोष देतो. ज्याच्या पायात वेग आहे असा प्रत्येक पोरगा टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये धावतो आहे, आणि कबड्डीला उरतात ते पकड करणारे, असे या पंथाचे म्हणणे. रायगडात डिसेंबर ते मे या काळात शनिवार-रविवारी फिरून पाहिले तर हे म्हणणे खोडणे कठीण जाते. चौथा पंथ निवड समितीवर सगळे सोडून मोकळा होतो. तो सर्वांत सुखी आहे.

या सगळ्यावर तोड म्हणून सुचवला जाणारा उपाय बहुधा एकच असतो: ‘पहिल्यापासून बोनस मारायचा.’ उपायाचे मूळ अनुप कुमारमध्ये आहे. हरियाणाचा हा शांत डोक्याचा चढाईपटू यू मुंबाचा पहिला कर्णधार. २०१४ मध्ये पहिल्याच हंगामात संघ अंतिम फेरीत जयपूरकडून हरला. २०१५ मध्ये त्याच वरळीच्या सभागृहात बेंगळुरूला ३६-३० असे हरवून विजेता झाला. अनुप कुमार घाई न करता, समोरच्याला तंगवत, हळूच पाय पुढे टाकून गुण घेऊन यायचा. पाहणाऱ्याला वाटे, एवढे तर आपल्यालाही जमेल. कोनमधल्या एका पिढीचे गुडघे या गैरसमजात गेले आहेत.

इथे चढाईचा विषय संपतो आणि ओळखीचा सुरू होतो. एरवी दोन्ही एकाच घोटात चालतात. अनुप कुमार हरियाणाचा, म्हणजे मुंबईचा कोण? २०१५ मध्ये हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण चषक हातात होता. हरल्यावर तोच प्रश्न पहिल्यांदा निघतो. फझल अत्राचली याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९९० पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत कबड्डीचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या पुरुषांना ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्त्यात इराणने उपांत्य फेरीत २७-१८ असे गारद केले. त्या दिवशी कोनमध्ये इराणविषयी जे बोलले गेले ते छापण्याजोगे नाही. फझल त्या इराणी संघात होता. पण त्याआधीच्या लिलावात यू मुंबाने त्याला एक कोटी रुपये मोजून घेतले होते, आणि ऑक्टोबरमध्ये तोच यू मुंबाचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. त्याने डाव्या कोपऱ्यातून पहिल्या दोन-चार मांड्या धरल्या आणि तो ‘आपला फझल’ झाला. दोन महिन्यांपूर्वीच्या शिव्या कोणी परत मागितल्या नाहीत.

उलट गोष्ट सिद्धार्थ देसाईची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड भागातला हा धिप्पाड गडी त्याच २०१८ च्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला आणि चढाईत २१८ गुण घेऊन बसला. मराठी पोरगा, मुंबईचा संघ, वर चढाई चालते आहे. ओळखीचा प्रश्न कायमचा सुटला असे वाटत होते. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेले. टपरीवर त्या दिवशी इराणी आपला आणि कोल्हापूरकर परका अशी वाटणी झाली, आणि ती करताना कोणालाही काही विचित्र वाटले नाही. तेव्हापासून यू मुंबा हा पकडीचा संघ आहे असे म्हणायची पद्धत पडली. ‘पकडीचा संघ’ याचा अर्थ चढाईत गुण मिळत नाहीत. गरिबाला साधा माणूस म्हणावे तसे हे आहे.

मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद घेतले, तेव्हा कोनची अडचण वाढली. पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. सोबत पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी मराठी नावे चढाईला. म्हणजे आपल्या पोरांना चढाई जमत नाही, हे म्हणण्याची सोय गेली. महामार्गाचे एक टोक मुंबईत आणि दुसरे पुण्यात असल्यामुळे कोनला दोन्हीकडून आनंद घेता आला असता. परंतु घाटाखालच्या माणसाने घाटावरच्या संघाचे कौतुक करण्याला मर्यादा असतात. तोडगा म्हणून पलटणच्या बचावातला मोहम्मदरझा शादलू इराणचा असल्याकडे लक्ष वेधण्यात आले. मुंबईने इराणी आणला तेव्हा ती दूरदृष्टी होती. पुण्याने आणला, ती उसनवारी ठरली.

कोनमध्ये हा वाद एवढा पिकण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते म्हाडाचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली. घर ३२० चौरस फुटांचे, किंमत सहा लाख. सोडत लागली, पण किल्ली मिळेना. २०२० मध्ये इमारती कोरोनाच्या विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, मग दुरुस्ती कोणी करायची यात काळ गेला. कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात. लालबाग-परळहून निघालेल्या या चढाईला मध्यरेषा ओलांडायलाच कित्येक वर्षे लागली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातून जी माणसे उठली ती उठलीच, आणि घर लागले तेव्हा कित्येकांच्या जागी वारस रांगेत उभे होते.

गिरणगाव हे मुंबईच्या कबड्डीचे माहेर. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत मैदान आखायचे, गॅलऱ्या हाच प्रेक्षागार, आणि बरा खेळणारा गडी गिरणीत, रेल्वेत, बँकेत चिकटवायचा, अशी ती व्यवस्था होती. कबड्डीचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ मध्ये सदानंद शेट्ये या मुंबईच्या खेळाडूला मिळाला, हे नव्या इमारतीतला ज्येष्ठ रहिवासी ओळख करून देतानाच सांगतो. स्वतःचे नाव नंतर. गावकऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते कबड्डी भातशेतीत जन्मली. भात कापून झाले की रिकाम्या खाचरात दुसरे करायचे काय? मुंबईने फक्त शिट्टी आणली. दोन्ही बाजू इतकी वर्षे आपापल्या अंगणात उभ्या आहेत आणि कोणीही चढाईला येत नाही, म्हणून सामना बरोबरीत आहे. खऱ्या सामन्यात बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांवर निकाल लावतात. इथे पाच-पाच कटिंगवर लावतात, आणि तो लागत नाही.

दोन्हीकडून एकाच वेळी टाळी घेणारे एक उदाहरण आहे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. कर्णधार होता मुंबईत वाढलेला चढाईपटू रिशांक देवाडिगा. आडनाव कुठले, हे त्या रात्री गावातही कोणी काढले नाही आणि गिरणगावातही नाही. ते पुढे, संघ हरू लागल्यावर निघाले.

गावच्या संघाबाबत मात्र हे सगळे फार जवळून घडते. संध्याकाळी मैदानावर पाणी मारलेले असते, चुन्याच्या रेषा नुकत्याच ओढलेल्या, आणि सरावाला मोजून तेरा जण जमलेले. चौदावा मिळत नाही म्हणून म्हाडाच्या इमारतीतल्या एका सडसडीत पोराला हाक मारली जाते. तो चपला कडेला काढतो, मातीला हात लावून कपाळाला लावतो, मध्यरेषेवर गुडघ्यात वाकतो. दम सुरू होतो. डावीकडे हूल, उजवीकडे दोन पावले, कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावतो तोच पाय काढून घेतलेला असतो. कट्ट्यावर उशिरा येऊन टेकलेला एक म्हातारा डोळ्यांवर हात धरून बघतो आणि शेजारच्याला विचारतो, “कोन रं यो?”

“कोनचा,” शेजारी म्हणतो.

हे उत्तर होते की उलटा प्रश्न, हे म्हाताऱ्याला कळत नाही. तोवर पोरगा बोनस घेऊन मध्यरेषेवर परत आलेला असतो.